लग्नाचा बस्ता काढताय? नवरीच्या साड्या कशा निवडायच्या ते पहिल्यापासून सांगते

भाचीचं लग्न ठरलं त्याच संध्याकाळी तिने मला फोनमधे साठवलेले फोटो दाखवले, सगळ्या पैठण्या आणि शालू, आणि विचारलं, मावशी यातली कुठली घेऊ? मी तिला उलटं विचारलं, की तू ती नेसून पाटावर किती वेळ बसणारेस? तिला सांगता येईना. आणि हे तिचंच नाही, बहुतेक मुलींचं असंच होतं, साडी आधी ठरते आणि लग्नात त्या साडीत नेमकं काय काय करायचंय ते कुणी सांगतच नाही. घरातल्या पाच लग्नांचे बस्ते मी काढलेत, माझं स्वतःचं धरून, त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. पहिल्यांदाच हे करत असाल तर याच क्रमाने जा, दुकान सगळ्यात शेवटी येतं.

आधी गुरुजींना फोन

हो, दुकानात जायच्या आधी. त्यांना विचारायचं की विधी कुठले कुठले आहेत, किती वेळ चालणार, होम आहे का, आणि मधे साडी बदलायला किती वेळ मिळेल. मग घरातल्या मोठ्या बायकांना विचारायचं की आपल्यात रीत काय आहे, कारण जिल्ह्याजिल्ह्यात आणि घराघरात हे बदलतं, आणि सासरची रीत वेगळी असेल तर तीही आत्ताच विचारून घ्या, नंतर ऐनवेळी "आमच्यात असं नसतं" ऐकण्यापेक्षा बरं.

आमच्याकडे साधारण असं असतं. हळदीला एक जुनी किंवा स्वस्तातली साडी, तिच्यावर फार विचार करू नका, हळद लागली की डाग राहतोच. मग गौरीहर पूजायला बसताना मामाकडची पिवळी, तिला अष्टपुत्री म्हणतात, ही बऱ्याच घरांमधे नऊवारीच असते आणि मुंडावळ्या बांधून नवरी मंगलाष्टकांना याच साडीत उभी राहते, खांद्यावर शेला. त्यानंतर सासरकडून आलेला शालू किंवा पैठणी नेसून पुढचे विधी, लाजाहोम, सप्तपदी. मग रिसेप्शन. आणि सासरी गेल्यावर सत्यनारायणाला अजून एक.

आता यात वेळेचं गणित बघा. नऊवारी नीट नेसवायला सवयीच्या बाईलाही अर्धा तास लागतो, वर केस, दागिने, गजरा. हॉल संध्याकाळी 4 ला सोडायचा असतो आणि पंगत थांबलेली असते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, लग्नाच्या दिवशी दोन बदल पुरे, म्हणजे साड्या तीन. चौथी घेतलीत तर ती बॅगेतच राहते नाहीतर अंतरपाटाच्या वेळी सगळे नवरीची वाट बघत उभे राहतात.

महिना आणि वेळ

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात ते थेट पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, त्यात डिसेंबरच्या पहाटेचं लग्न आणि मे महिन्यातलं दुपारी 12 चं लग्न यात जमीन अस्मानाचा फरक आहे. माझं लग्न मे मधलं, तालुक्याच्या गावी, हॉलला पंखे होते पण होमाजवळ पंखा लावता येत नाही ना, धूर आणि राख उडते. माझा शालू भरजरी होता आणि ब्लाउजला अस्तर नायलॉनचं लावलं होतं, पाठभर घामोळं उठलं आणि रात्री रिसेप्शनला मी खुर्चीला पाठ टेकवू शकत नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक मुलीला सांगते की अस्तर सुतीच, टेलरने कितीही सांगितलं की सॅटिनचं पडतं छान तरी.

आणि होम असेल तर अजून एक. पॉलिस्टरवर ठिणगी पडली तर ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. रेशीम लवकर पेटत नाही आणि वितळत तर नाहीच. त्यामुळे होमाला जी साडी नेसणार ती तरी खरी रेशमी किंवा सुती घ्या, बाकी रिसेप्शनला काय हवं ते नेसा. नेटचा दुपट्टा डोक्यावर घेऊन होमात लाह्या टाकायला वाकणं हे मला बघवत नाही खरं सांगते.

नेसायची की शिवलेली

नऊवारीबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात. 9 वार म्हणजे 8 मीटर 23 सेंटीमीटरच्या आसपास, सहावारी असते साधारण साडेपाच मीटर आणि पुढे ब्लाउजपीस वेगळा. नऊवारी घेताना दुकानात मोजून घ्या, लाजू नका, कारण कमी भरली तर निऱ्या कमी होतात नाहीतर काष्टा आखूड पडतो, आणि उंच किंवा अंगाने भरलेल्या मुलीला तर ते लगेच जाणवतं.

नेसायची नऊवारी जिला नेसवता येते ती बाई आधी ठरवा, मग साडी. आजी, काकू, शेजारच्या काकू, पार्लरवाली ताई, कुणीही असू दे, पण तिने एकदा त्याच साडीत तुम्हाला आधी नेसवून बघायला हवं. ब्राह्मणी, पेशवाई, कोल्हापुरी, आगरी-कोळी, प्रत्येकीची ओच्याची आणि काष्ट्याची पद्धत वेगळी, आणि सगळ्या बायकांना सगळ्या येत नाहीत.

शिवलेली घेतली तर पाच मिनिटात चढते, सुटायची भीती नाही, नाचा काय वाटेल ते करा. पण तिची मापं कंबर आणि उंची धरून असतात त्यामुळे चप्पल घालणार असाल तर ती चप्पल घालून माप द्या. आणि बाथरूमला कसं जायचं ते शिवणाऱ्या ताईला स्पष्ट विचारा, काही प्रकारात चेन असते, काहीत सगळं उतरवावं लागतं. लग्नाच्या दिवशी पाळी येण्याची शक्यता असेल तर हा प्रश्न अजूनच महत्वाचा.

एकच विनंती, खरी हातमागाची पैठणी कापून नऊवारी शिवू नका. कापली की ती फक्त तुमच्या मापाची आणि फक्त त्या दिवसाची उरते, बहिणीला देता येत नाही की पुढे सहावारीसारखी नेसता येत नाही. शिवायला सेमी सिल्क, म्हणजे पूर्ण रेशमाची नसलेली साडी घ्या, तिथे काही हळहळ वाटत नाही.

पैठणी बघताना

आता जरा जास्त वेळ इथे थांबते कारण सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते.

पैठण हे गोदावरीकाठचं, आणि आज जास्तीत जास्त माग आहेत ते येवल्यात, नाशिक जिल्ह्यात. 2010 साली पैठणीला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीची सरकारी नोंदणी मिळाली, म्हणजे वाटेल त्या कापडाला कायद्याने पैठणी म्हणता येत नाही, पण बाजारात काय चालतं ते तुम्ही बघताच, मशीनवर निघालेली तीन हजाराची साडीही पैठणी म्हणूनच विकली जाते. तीन हजाराची साडी वाईट असं मी म्हणत नाही, सत्यनारायणाला मस्त दिसते, फक्त ती काय आहे ते माहीत असून घ्या आणि तेवढेच पैसे द्या. माझ्या नणंदेला एका दुकानात मशीनची साडी हातमागाची म्हणून 22 हजाराला दिली होती. आम्हाला कळलं केव्हा, तर फॉल लावायला दिली तेव्हा, त्या बाईने पदर उलटा करून दाखवला.

तर पदर उलटा करा. हेच पहिलं आणि सगळ्यात सोपं. हातमागावर पदरातला मोर किंवा पोपट हा एकेका रंगाच्या छोट्या छोट्या कांड्या हाताने फिरवत विणतात, रंग जिथे संपतो तिथेच धागा वळतो, म्हणून पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो. मशीनच्या पदराला मागे आडवे धागे मोकळे लोंबत असतात किंवा कापलेल्या टोकांची दाढी दिसते, आणि ती झाकायला कधीकधी मागून जाळी लावलेली असते. जाळी दिसली की विचारा का लावली.

दुसरं, दोन मोर शेजारी शेजारी बघा. हाताने विणलेले दोन मोर हुबेहूब सारखे नसतात, एकाची मान जराशी जाड, एकाची चोच लांब. दुकानदार म्हणतो डिफेक्ट नाहीये ना बघून घ्या, मी म्हणते तोच तर हाताचा पुरावा. तिसरं, साडीच्या अगदी कडेला बारीक भोकांची रांग शोधा, मागावर कापड ताणून धरतात त्याच्या टोकांची ती खूण.

लेबलांचा घोळ पण समजून घ्या. सिल्क मार्क हा केंद्रीय रेशीम मंडळाचा, तो सांगतो की रेशीम शुद्ध आहे. तो हातमागाबद्दल काहीच सांगत नाही. पॉवरलूमवर, म्हणजे मशीनच्या मागावर, शुद्ध रेशमाची साडी निघू शकते आणि तिला सिल्क मार्क असू शकतो, यात खोटं काही नाही. हातमागासाठी वेगळा हँडलूम मार्क असतो. दुकानात "मार्क आहे ना मॅडम" म्हणाले की विचारा कुठला मार्क, आणि बिलावर हातमाग की पॉवरलूम, खरी जर की टेस्टेड जर, हे लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याच्याकडे मी घेत नाही.

जरीचं थोडक्यात. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा, ती फार महाग. टेस्टेड जर म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा आणि वर सोनेरी रंग, आजच्या बऱ्याच चांगल्या पैठण्यांनाही हीच असते आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त दर खऱ्या जरीचा लावू नये एवढंच. तिसरी प्लास्टिकची, ती बोटाला टोचते आणि काचेसारखी चमकते.

दर सांगायचा तर दहा हजाराच्या आत खरी हातमागाची, शुद्ध रेशमाची पैठणी मिळणं अवघड. साधा मुनिया काठ, म्हणजे छोट्या पोपटांचा, आणि आखूड पदर असेल तर त्याच्या पुढे सुरू होते, पदर जितका मोठा आणि भरगच्च तितका दर वाढतो, अंगभर बुट्टी असलेली किंवा अंगातही विणकाम असलेली लाखाच्या वर जाते. कारण सरळ आहे, साधीला काही आठवडे लागतात आणि भरगच्च असेल तर एका मागावर माणूस महिनोन् महिने बसलेला असतो.

जमत असेल तर एकदा येवल्याला जाच. मनमाड स्टेशनला उतरून पुढे तासाभरात पोचता, शिर्डीला जाणारे तर वाटेत थांबतातच. घराघरात माग आहेत, विणकर दाखवतात, काकांना विचारलं की सांगतात हा मोर किती दिवसांचा. भाचीला तिथे नेलं तेव्हा ती मागाजवळ अर्धा तास बसून राहिली, त्या अर्ध्या तासात दोन बोटंसुद्धा कापड पुढे सरकलं नाही, आणि नंतर तिने भाव करताना आवाज चढवला नाही. पैठणमधेही सरकारी पैठणी केंद्र आहे, तिथे माग चालताना बघता येतो. पुण्यात लक्ष्मी रोड, मुंबईत दादर, नागपुरात इतवारी आणि सीताबर्डी, कोल्हापुरात महाद्वार रोड, इथे मिळतं सगळं, पण शनिवार-रविवारी जाऊ नका, मधल्या वारी सकाळी जा, सेल्समन नीट उलगडून दाखवतात.

पैठणीच हवी असंही नाही. मामाची पिवळी साध्या इरकलीत किंवा नारायणपेठीत फार गोड दिसते आणि अंगाला हलकी. विदर्भातली टसरची करवतकाठी तर लोक विसरतच चाललेत, करवतीच्या दात्यांसारखा तिचा काठ, उन्हाळी लग्नाला त्याच्याइतकं सुखाचं कापड नाही. बनारसी शालू घेणार असाल तर मागची बाजू बघा, तिथे धागे मोकळे असतात ते त्या विणकामाचंच आहे, पैठणीची परीक्षा तिथे लावू नका, फक्त ते धागे जोडव्यात अडकतात म्हणून निऱ्यांना आतून फॉल रुंद लावून घ्या.

रंग

दुकानातल्या पिवळ्या लाइटमधे रंग ठरवायचा नाही. साडी घेऊन दारात या, उन्हात बघा, मग सावलीत बघा. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की हलवल्यावर रंग पालटतो, आत राणी वाटलेली बाहेर जांभळी निघते.

आणि सावळ्या मुलीला "हा नको, तो नको" म्हणणाऱ्यांना, मग सेल्समन असो की सख्खी आत्या, तिथेच थांबवा. चिंतामणी, डाळिंबी, अंजिरी, मोरपंखी, शेवाळी, हे रंग सावळ्या अंगावर जे खुलतात ते बघत राहावं असे असतात. खांद्यावर टाकून आरशात बघा आणि जिने नेसायचीय तिला विचारा, बाकी दहा जणींना नंतर. खरेदीला तीन बायकांच्या वर नेऊ नका हेही सांगूनच ठेवते.

आईची, आजीची साडी

नवीन घ्यायच्या आधी घरातलं कपाट उघडा. आजीचा शालू असेल तर उजेडासमोर धरा, घड्या पडून पडून तिथे रेशीम चिरलेलं असतं, ते नुसतं बघून कळत नाही. अंग विरलं असेल पण काठ-पदर शाबूत असतील तर ते काढून नवीन रेशमावर लावून देणारे कारागीर आहेत. जुन्या जरीच्या साड्या वजनावर विकत घेणारे दारावर येतात, त्यांना देऊ नका, ते चांदीसाठी जाळतात. आमच्या काकूंच्या शालूच्या पदरातून धाकट्या चुलतबहिणीचा शेला झाला आणि लग्नात गाठ त्याच शेल्याची बांधली, काकू हयात नव्हत्या पण सगळ्यांना कळलं तो कुणाचा आहे.

ब्लाउज, यात घाई नको

साडी लग्नाच्या तीन महिने आधी घ्या आणि ब्लाउज निदान दीड महिना आधी शिवायला गेलाच पाहिजे. सीझनला टेलर तारखा पाळू शकत नाहीत, त्यांचाही दोष नाही.

टेलरकडे जाताना दागिन्यांचे फोटो घेऊन जा. ठुशी घालणार असाल तर गळा बंद नको, ती दिसणारच नाही. वाकी घालणार असाल तर ती दंडावर बाहीवरून बसते, तेव्हा बाही किती लांब आणि किती घट्ट ते वाकी घालूनच ठरवा. कोपरापर्यंतची बाही आणि वर हिरवा चुडा छान दिसतो, पण बाही घट्ट असेल तर ती दंडात रुतते.

शिवणीत माया ठेवायला सांगा, दोन्ही बाजूला इंचभर तरी. लग्नाआधीच्या महिन्यात काही मुली बारीक होतात, काही केळवणं जेवून भरतात, दोन्हीची सोय हवी. पैठणीबरोबरचा ब्लाउजपीस 80 सेंटीमीटरच्या आसपास असतो, अंगाने भरलेल्या मुलीला लांब बाहीसकट तो पुरत नाही, तेव्हा ओढूनताणून बसवण्यापेक्षा सरळ खणाचं कापड घ्या, गुळेदगुडचा खण काठापदराच्या साडीवर फार शोभतो.

ट्रायलला नुसतं आरशासमोर उभं राहायचं नाही. हात वर करा, कारण हार घालायचाय. पुढे वाका, कारण पाया पडायचंय, आणि ते दिवसभरात शंभर वेळा. मांडी घालून जमिनीवर बसा. मान मागून मोकळी आहे का बघा, तिथे मंगळसूत्र बांधलं जाणारे. हे सगळं करताना हूक तटतटला तर ब्लाउज परत द्या.

रंगीत तालीम

लग्नाच्या आठवडाभर आधी एका दुपारी सगळं घालून, पाटावर, अर्धा तास बसा. भाचीने ही तालीम केली म्हणून कळलं की शेला रेशमी साडीवरून सारखा घसरतोय, मग शेल्याला आतून सुती पट्टी लावली. नवऱ्याचा आणि नवरीचा शेला एकाच वेळी घ्या, गाठ मारून बघा, फार जाड असतील तर गाठ बसत नाही. नवरदेवाचं सोवळं आणि उपरणं तुमच्या साडीच्या काठाशी जुळलं की झालं, त्यात फार गुंतू नका.

परदेशातून लग्नाला येणाऱ्या मुलींनी साडी इथे कुणाकडून तरी घ्यायला लावावी, व्हिडिओ कॉलवर पदराची उलटी बाजू आणि उन्हातला रंग बघूनच होकार द्यावा, आणि ब्लाउजसाठी मापं लिहून पाठवण्यापेक्षा आपला नीट बसणारा एक ब्लाउज कुणाबरोबर तरी पाठवावा. येऊन हातात दहा दिवस तरी ठेवा.

लग्न झाल्यावर

साडी त्याच रात्री घडी करून बॅगेत कोंबू नका, घामाने जर काळी पडते. सावलीत, पंख्याखाली दोरीवर रात्रभर टाका. कुंकू सांडलं असेल तर चोळू नका, पाणी लावू नका, कोरडंच झटका आणि ड्रायक्लीनला देताना डाग दाखवून द्या. अत्तर आणि स्प्रे जरीवर कधीच नाही. नंतर मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमधे नाही, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, त्याऐवजी वेखंड किंवा लवंगांची पुरचुंडी ठेवा, आणि तीन-चार महिन्यांनी काढून घडी बदला म्हणजे एकाच रेषेवर रेशीम चिरत नाही. आणि घडी घालायच्या आधी निऱ्या आणि पदर नीट झटकून घ्या, अक्षतांचे तांदूळ आत अडकलेले असतात, त्यांना मुंग्या आणि किडे लागतात आणि मग साडीलाही.